हात वर झाला की डफ थांबतो

चाळीस वर्षं मी नाचणाऱ्यांच्या मागे बसून डफ वाजवला. मागे म्हणजे अगदी पडद्याला पाठ टेकून, जिथून लोकांना माझं फक्त टक्कल दिसायचं. माझी तक्रार नव्हती. समोर नाचणारी असली की मला दुसरं काही बघायला नकोच असायचं. तिच्या टाचेवर नजर ठेवायची, खांद्यावरून पुढचा तुकडा ओळखायचा आणि तिच्या जरासं आधी तिथं जाऊन थांबायचं, एवढंच माझं काम. ते मी उत्तम करायचो. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण ज्या बायका माझ्याशी कडाकडा भांडून गेल्या त्यांनाही विचारा, त्याही नाही म्हणणार नाहीत.

मग आमचं मंडळ बंद पडलं, त्याच वर्षी माझ्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला आणि मी लेकीकडे राहायला आलो. लहानपणी ती घरभर गरगर फिरायची म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. आज ती छत्तीस वर्षांची आहे, अंगावर पांढरा कोट घालून लोकांच्या पाठी आणि कंबरा सरळ करते, तरी मी भिंगरीच म्हणतो. नाच ती माझ्या मंडळातच शिकली. एके दिवशी चहा पिताना म्हणाली, बाबा, मी गरोदर बायकांसाठी नाचाचा वर्ग काढतेय. मी कप खाली ठेवला.

मी म्हटलं, नाच म्हणजे उडी, गिरकी आणि घाम. ती म्हणाली, उडी नाही, गिरकी नाही, घाम थोडासा चालेल. मग उरलं काय, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, उरलेलं बघायला या, येताना डफही आणा. फुकट वाजवणारा दुसरा कोण मिळणार, असं मी तोंडावर बोललो. पण तिचं कारण वेगळं होतं. मशीनवर गाणं लावलं की ते आपल्या गतीनं संपतं, कोणाला मध्येच बसावंसं वाटलं तरी गाणं काही बसत नाही. तिला थांबणारं वाद्य हवं होतं. वर्गात कोणीही हात वर केला की त्याच क्षणी डफ बंद, मग तुकडा कितीही रंगात आलेला असो. चाळीस वर्षांत माझा डफ मध्येच थांबवायची कोणाची छाती झाली नव्हती. इथं ते काम सातव्या महिन्यातल्या शिंपीणबाई पाणी प्यायला म्हणून करायच्या.

वर्ग भरायचा पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या हॉलमध्ये. खालून औषध टाकलेल्या पाण्याचा वास, एका भिंतीला लांबलचक आरसा आणि प्रत्येक बाईच्या मागे एक पाठीची खुर्ची, केव्हाही टेकता यावं म्हणून. दारात भिंगरीच्या हाताने लिहिलेला कागद होता. डॉक्टरांची चिठ्ठी आणा. उपाशीपोटी येऊ नका. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलू नका. पाठीवर सपाट झोपायचं नाही. चक्कर, कळ, रक्त, पाणी, यातलं काहीही झालं तर लाजू नका, सांगा. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत, नाचताना बोलत राहा.

हा शेवटचा नियम मला पहिल्या दिवशी थट्टाच वाटली. स्टेजवर कुजबुजणाऱ्या पोरींवर मी आयुष्यभर डोळे वटारले आणि इथं माझी लेक गप्प राहणाऱ्या बाईवर डोळे वटारत होती. तिचं म्हणणं असं की नाचताना ज्या बाईला पूर्ण वाक्य बोलता येतंय, तिचा दम ठीक आहे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की समजायचं, गती जास्त झाली. त्यामुळे आमच्या वर्गात डफापेक्षा गप्पांचा आवाज मोठा. बस चालवणारी एक होती, ती डावा पाय, उजवा पाय करत प्रवाशांच्या नकला करायची. जुळ्यांची आई होणार होती ती एक, ती फक्त खाण्याबद्दल बोलायची. कोणाच्या नवऱ्याला पाळणा जोडता येत नाही, कोणाच्या आईला कोणता रंग अशुभ वाटतो, सगळं मला पाठ झालं होतं. नाच म्हणाल तर तो नाच कमी आणि डोलणं जास्त. मी मनात त्याला पाळणाघर म्हणायचो.

अशा ह्या कोलाहलात एका गुरुवारी एक सासू सुनेला घेऊन आली. घेऊन आली म्हणजे दंडाला धरून, एकेक पायरी मोजत. सून तिशीची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, अठरावा आठवडा लागलेला. ती दारातल्या पहिल्याच खुर्चीवर बसली आणि बसूनच राहिली. तिनं नाव सांगितलं तेही सासूनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं तेव्हा आम्हाला ऐकू आलं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बायकांनी तिचं नाव अबोली ठेवलं होतं.

सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, कारण रिकामी खुर्ची तिथंच होती. ह्या बाई मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि ते सांगायची गरजच नव्हती. त्यांनी हॉलच्या दोन दारांकडे, खिडक्यांच्या कड्यांकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मी "नमस्कार ताई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यापेक्षा लहान असेन, डफवाले." पर्स मांडीवर ठेवून त्या सुनेकडे बघत बसल्या, त्या तासभर पापणी लवली असेल तर शपथ.

मी मनात म्हटलं, झालं, पहारा बसला. सासू पहाऱ्यावर आणि सून कैदेत, हे मी शंभर घरांत बघितलेलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला ही माझी जुनी सवय, ती मनातल्या मनातही सुटत नाही. चार आठवड्यांत त्यांच्याकडूनच थोडं थोडं ऐकलं ते उलटंच निघालं. ह्या पोरीला दोन वेळा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत सगळं संपलं होतं. आता तिसऱ्यांदा बातमी कळली त्या दिवसापासून ती पलंगावरून उठेनाच. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की पडून राहायचं काही कारण नाही, उलट चाला, फिरा, अंग हलतं ठेवा. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, ही तर ताकाकडे बघायलाही तयार नव्हती. मुलगा म्हणत होता, राहू दे ना आई, तिला बरं वाटतंय तसं करू दे. सासूबाईंनीच चिठ्ठी आणली, सासूबाईंनीच रिक्षा बोलावली. आणि आणली तर आणली, पण भीती त्यांनाही होतीच. रात्री सून कूस बदलते तेव्हा मला पलीकडच्या खोलीत जाग येते, असं त्या मला एकदा म्हणाल्या. मी त्यांना माझ्या डब्यातली बिस्किटं दिली. दुसरं काय द्यायचं ते मला सुचलं नाही.

अबोली पहिल्या वर्गात बसली, दुसऱ्या वर्गात बसून हात हलवले. भिंगरीनं तिला एका शब्दानंही उठ म्हटलं नाही. बसून करायचे प्रकार तिनं सगळ्यांनाच दिले, सगळ्याजणी बसल्या, म्हणजे बसणारी एकटी पडू नये. माझी लेक शहाणी आहे, हे मी तिला सांगत नाही. तिसऱ्या वर्गात अबोली खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. चौथ्या वर्गात तिनं पाठ सोडली.

आणि तेव्हा मला दिसलं. तिनं पाऊल ठेवलं ते बोटांवरून टाचेवर, अंगाचं सगळं ओझं वितळवत, असं की लाकडाला कळूही नये. असं पाऊल यायला सात-आठ वर्षं लागतात. मी सासूबाईंना विचारलं, ही नाचायची का? त्या म्हणाल्या, सोळाव्या वर्षापर्यंत, मग सोडलं, का ते कोणी विचारलं नाही. मला राग आला. कोणाचा ते आता सांगता येणार नाही, पण असं पाऊल चौदा वर्षं चष्म्याच्या काउंटरमागे उभं होतं याचा आला.

पाचवा वर्ग. बाविसावा आठवडा चालू होता. त्या दिवशी भिंगरी जुळीवालीपाशी वाकून तिच्या कमरेचा पट्टा नीट करत होती, पाठ वर्गाकडे. बाकीच्या बायका आपापल्या गप्पांत डोलत होत्या. अबोली आरशासमोर होती. हात कमरेच्या उंचीवर, मान किंचित कलती, पाऊल डावीकडे, पाऊल उजवीकडे, तेच साधं, सगळ्या करत होत्या तेच. पण तिचा खांदा पुढचं काहीतरी बोलला. मी ते ऐकलं. मंडळ सुटल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी खांद्यानं माझ्याशी बोलत होतं आणि माझ्या बोटांनी उत्तर दिलं. ती हसली. आरशात हसली, स्वतःशीच. मग तिची टाच थोडी आधी पडली, माझा हात तिथं पोचला, पुन्हा थोडी आधी, मी पुन्हा पोचलो. सासूबाई पर्स विसरून पुढे वाकल्या होत्या. बसवाली मध्येच बोलायची थांबली, शिंपीणबाई थांबल्या, त्यांचा दम पुरेनासा झाला होता आणि त्या खुर्चीवर टेकल्या. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी टाच बघत होतो.

अबोली तर कधीच बोलत नसे, त्यामुळे तिचं वाक्य कुठं तुटलं हे कळायला मार्गच नव्हता. तीन-चार मिनिटं झाली असतील. मग तिचा हात वर गेला. मला तो नाचातलाच हात वाटला. तो हात हवेत काहीतरी पकडायला गेला, काही मिळालं नाही, आणि ती खाली बसली. पडली नाही, खुर्चीच्या कडेला धरून बसली, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा. डफ नंतर थांबला. नंतर म्हणजे दोन ठोके नंतर. ते दोन ठोके मला अजून ऐकू येतात.

भिंगरीनं तिला डाव्या कुशीवर निजवलं, नाडी बघितली, पाच मिनिटांत गाडी बोलावली. संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून निरोप आला. बाळ ठणठणीत, ठोके स्वच्छ, कुठं काही इजा नाही. अबोलीचा रक्तदाब उतरला होता, कारण भीतीनं तिच्या गळ्याखाली सकाळपासून घास गेला नव्हता आणि दारातल्या कागदावरच्या नियमाला तिनं खोटंच हो म्हटलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, खाऊन या, सावकाश करा, पुढच्या आठवड्यापासून खुशाल या.

ही झाली डॉक्टरबाईंची बाजू. भिंगरीनं घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, पुढच्या गुरुवारपासून तुम्ही येऊ नका."

मी म्हटलं, ती उपाशी होती. ती म्हणाली, उपाशी होती हे तिचं, पण लय दीडपट झाली होती हे तुमचं. शिंपीणबाई धापा टाकत होत्या, बसवाली गप्प झाली, सहा बायका वेगवेगळ्या आठवड्यांत असताना तुम्ही एकीच्या पायांकडे बघून वाजवत राहिलात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि ही माझी खोड होती. जी उत्तम नाचते तिच्या मागे जायचं. मंडळात ह्याच खोडीसाठी लोक मला डोक्यावर घ्यायचे. खरं तर मला आणखी एक गोष्ट माहीत होती, पण ती मी लेकीला सांगितली नाही. नाचणारीवर ढकलणं हे वाजवणाऱ्याला शोभत नाही.

पुढचे दोन गुरुवार भिंगरीनं मशीनवर गाणी लावली. मी घरी बसून तूरडाळ निवडली, रेडिओचे सेल बदलले आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर विनाकारण खेकसलो. रात्री जेवताना ती वर्गातलं सगळं सांगायची, पण अबोलीचं नाव घ्यायची नाही. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, येत नाही. पुन्हा पलंगावर आहे. दोन्ही वेळा घरी जाऊन आले, भिंतीकडे तोंड करून पडलीय, बोलत नाही, जेवतेय सासूबाई भरवतात तेवढंच. हे सांगताना माझ्या लेकीचा आवाज बारीक झाला. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. चार आठवडे खपून त्या पोरीला आम्ही खुर्चीपासून आरशापर्यंत आणलं होतं, आणि माझ्या हातानं चार मिनिटांत तिला परत पलंगावर नेऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. सासूबाई. पर्स तीच, पण त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. मी चांगली बोलणी खाण्याची तयारी केली. त्या बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "दोन आठवड्यांत ती फक्त एक वाक्य बोललीय. डफवाल्यांचं काही चुकलं नाही, असं म्हणाली. तीस वर्षं वसतिगृह चालवलंय मी. एखादी पोर असं दुसऱ्याला सोडवते तेव्हा तिच्या पोटात काहीतरी असतं. चला माझ्याबरोबर."

त्यांच्या त्या 'पोटात'वर हसायची ती वेळ नव्हती. मी चपला घातल्या. डफ घ्यावासा वाटला, पण नाही घेतला.

खोली नीटनेटकी होती. खिडकीजवळ पलंग, उशाशी पाण्याचा तांब्या, गोळ्यांचा डबा, भिंतीवर चष्म्याच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर. अबोली माझ्याकडे पाठ करून होती. मी स्टुलावर बसलो आणि जे म्हणायला आलो होतो ते म्हटलं. पोरी, माझा हात पळाला, मला माफ कर. म्हातारा झालो तरी हात अजून मंडळातच आहे.

मग ती भिंतीशीच बोलली. "तुमचा हात नाही पळाला. पुढे मी गेले. तुम्ही माझ्या मागे आलात."

हीच ती गोष्ट, जी मी भिंगरीला सांगितली नव्हती. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात दुधाचा पेला.

"मला पोट आहे हेच मी विसरले," अबोली म्हणाली. आणि एकदा बांध फुटल्यावर ती बोलतच राहिली, कधी पूर्ण वाक्यं, कधी तुटलेली. पहिल्या वेळी दुकानात वर्षाचा मोठा सेल होता. सबंध दिवस तिला एकदाही आठवण आली नाही की आपण दोन जीवांचे आहोत, आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर. दुसऱ्या वेळी मावसबहिणीचं लग्न होतं, ती पोट धरून हसली होती, कशावर तेही आता आठवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की ते कशानं झालं याचा तिच्या हसण्याशी, चालण्याशी काही संबंध नाही. ते तिनं ऐकलं होतं, समजलंही होतं. पण आपलं लक्ष हललं की ते जातं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं, आणि मनाला चिठ्ठी दाखवून उपयोग नसतो. म्हणून ह्या वेळी तिनं ठरवलं होतं की क्षणभरही नजर काढायची नाही. पडून राहायचं आणि पहारा द्यायचा. "आणि तिथं आरशासमोर मी चक्क हसत होते, बाबा. मला इतकं बरं वाटत होतं."

मला वाटलं आता सासूबाई समजावतील, डॉक्टर काय म्हणाल्या ते पुन्हा सांगतील. त्या आत आल्या, पेला खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. आवाज अगदी रोजचा.

"किती वेळ विसरली होतीस?"

"चार मिनिटं असतील."

"आणि मग काय झालं?"

"चक्कर आली."

"ती तुला आली. त्याला काय झालं?"

अबोली वळली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडून इकडे वळली, हे मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, काही नाही झालं.

"मग? तू विसरलीस. मीही विसरले होते, खोटं कशाला बोलू, तुझे पाय बघत बसले होते खुळ्यासारखी. हे डफवाले तर विसरायलाच जन्माला आलेत. आपल्या तिघांतल्या एकाचंही लक्ष नव्हतं आणि ते आपलं आत मजेत बसून राहिलं. ते तुझ्या लक्षावर जगत नाही गं पोरी. ते त्याचं त्याचं जगतंय. गेलेली दोन तुझ्या विसरण्यानं गेली नाहीत, आणि हे तुझ्या पहाऱ्यानं राहिलेलं नाही." मग म्हणाल्या, "माझ्याही नाही."

शेवटचे दोन शब्द त्यांनी कोणाला सांगितले कोण जाणे. अबोली रडली, खूप रडली, आणि सासूबाईंनी तिला रडू दिलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. नंतर अबोलीनं दूध प्यायलं, आपल्या हातानं, आणि नाक पुसत मला विचारलं की डफ का नाही आणला. मी म्हटलं, माझी नोकरी गेलीय, आता आधी डॉक्टरांची चिठ्ठी आण, मग माझ्या लेकीची परवानगी आण, त्याशिवाय मी डफाला बोटही लावणार नाही.

तिनं दोन्ही आणलं. भिंगरीनं मला परत घेतलं, पण अटींवर. माझी खुर्ची आरशाकडून उचलून जुळीवालीच्या समोर ठेवली गेली. वर्गातली जी सगळ्यात संथ असेल तिच्याकडे बघून वाजवायचं, उत्तम नाचणारीकडे नाही. हे ऐकायला सोपं आहे. मला वाटलं, त्यात काय एवढं. पण संथ बाई प्रत्येक पावलाला वेगळी संथ असते. आज तिचा पाय सुजलाय, उद्या झोप झालेली नाही, परवा आतली दोघं एकमेकांना लाथा मारतायत. टाचेकडे बघून काहीच कळत नव्हतं, मला तिचं बोलणं ऐकावं लागायचं. तिची भाकरी, तिचं लोणचं, तिचं वाक्य कुठं श्वास घेतं ते. सत्तरीला चार वर्षं कमी असताना मी पुन्हा शिकायला बसलो, आणि सांगायला हरकत नाही, मंडळातली चाळीस वर्षं त्यापुढे सोपी होती. मी त्या वर्गाला पाळणाघर म्हणणं बंद केलं.

अबोलीला एकच अट. बोलायचं. पहिल्या दिवशी तिला काही सुचेना, तेव्हा तिनं दुकानातला अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला, मोठं अक्षर, लहान अक्षर, आणि बायका हसून हसून खुर्च्यांवर टेकल्या. पुढं ती गिऱ्हाइकांच्या गमती सांगायला लागली. आठव्या महिन्यात तर भिंगरीला तिला म्हणावं लागलं की जरा दुसरीलाही बोलू दे. कधी कधी तिचा खांदा माझ्याशी बोलू बघायचा. मी ऐकू येत नाही असं दाखवायचो. ती हसायची आणि सावकाश व्हायची.

मुलगी झाली. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. एकोणचाळिसाव्या आठवड्यात, तीन किलोची, रडणं असं की खालच्या मजल्यावरच्या नर्सनं चौकशी केली. बारशाला मी डफ वाजवला, हवा तितका जलद. पण ह्या सगळ्यातला माझ्या मनात राहिलेला दिवस तो नाही. तो त्याआधीचा गुरुवार, अबोलीचा वर्गातला शेवटचा.

दुपारचं ऊन हॉलच्या निम्म्या जमिनीवर आलं होतं. जुळीवाली आधीच मोकळी होऊन गेली होती, तेव्हा आता वर्गातली सगळ्यात संथ बाई अबोलीच होती, आणि मी न्यायानं तिच्यासमोर बसलो होतो. ती दोन्ही हात पोटाखाली धरून डोलत होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि बसवालीला सांगत होती की बाळासाठी विणलेलं टोपडं मोठ्या माणसालाही होईल. बोलता बोलता तिची नजर माझ्या शेजारी गेली आणि ती मध्येच थांबली. डाव्या हातानं डफ दाबलाच मी. पण तिला काही झालेलं नव्हतं.

माझ्या शेजारी सासूबाई झोपल्या होत्या. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं, पर्स मांडीवरून घसरून जमिनीवर, आतल्या गोळ्या, रुमाल, रिक्षाची चिल्लर सगळं बाहेर. वसतिगृहाच्या एकाही पोरीनं त्यांना असं कधी बघितलं नसेल. बारीकसा घोरण्याचा आवाजही येत होता.

अबोली डुलत डुलत माझ्यापर्यंत आली. खाली वाकायचं नाही हे तिला पाठ होतं, म्हणून तिनं पर्स पायानंच हळूच खुर्चीखाली सरकवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "थांबू नका, बाबा. पण हळू वाजवा. आईंना नऊ महिन्यांत आज पहिल्यांदा झोप लागलीय."

मी हळू वाजवलं.